पत्रकाच्या तळाची ओळ : निवडणूक आयोगास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य निवडणूक आयुक्त व मा. निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, निर्वाचन सदन, नवी दिल्ली.

विषय : पैसे देऊन केलेल्या ऑनलाइन निवडणूक प्रचारावर प्रकाशकाचे नाव बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,

मी एका तालुक्याच्या गावी एकतीस वर्षे छापखाना चालवला. आरंभी पायाने चालवायचे ट्रेडल यंत्र आणि खिळ्यांच्या, म्हणजे सुट्या धातूच्या अक्षरांच्या, केसेस होत्या, पुढे ऑफसेट आले, आणि अखेरच्या काही वर्षांत गिऱ्हाइकाचे काम घेऊन ते शहरातल्या फ्लेक्सवाल्याकडून करवून देणे एवढाच धंदा उरला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि सोसायट्यांचे वार्षिक अहवाल यांवर आमचे वर्ष निघत असे. निवडणूक लागली की मात्र चार महिन्यांचे काम पंधरा रात्रींत येऊन पडे. त्या पंधरा रात्रींत छापलेल्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी आठ पॉइंटच्या बारीक टाइपात एक ओळ असे : मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक, दोघांचे पत्ते. उमेदवारांना ती आवडत नसे. नेत्याच्या छायाचित्राखाली छापखान्याचे नाव कशाला, असे म्हणून ती काढायला सांगणारे कार्यकर्ते प्रत्येक निवडणुकीत भेटत. आम्ही ती काढत नसू, कारण कायदा आम्हाला ठाऊक होता. त्याच ओळीविषयी हे पत्र आहे.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये १९६१ साली घातलेले कलम १२७-अ आपल्याला पाठ असेल. तरी ज्यांना ते ठाऊक नाही अशा वाचकांसाठी सांगतो. निवडणुकीचे पत्रक किंवा भित्तिपत्रक छापताना त्यावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव व पत्ता असलाच पाहिजे. प्रकाशकाने आपल्या ओळखीचे घोषणापत्र स्वतः सही करून आणि त्याला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींच्या साक्षीने दोन प्रतींत मुद्रकाला दिले पाहिजे, आणि मुद्रकाने त्यातील एक प्रत छापलेल्या कागदासह राज्याच्या राजधानीत मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे व इतरत्र जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे पाठवली पाहिजे. हे चुकवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांच्या कारकिर्दीत, २ सप्टेंबर १९९४ च्या आदेशाने आयोगाने यात आणखी कस आणला : कागद तीन दिवसांत पोचवायचे, आणि सोबत परिशिष्ट ‘ब’ मध्ये किती प्रती छापल्या व किती पैसे घेतले हेही लिहायचे. आम्ही मुद्रक त्या वेळी कुरकुरलो. प्रतींचा आकडा सांगितला म्हणजे छपाईची रक्कम उघड झाली, आणि रक्कम उघड झाली म्हणजे उमेदवाराचा खर्च उघड झाला. आदेशाचा हेतू नेमका तोच होता, हे कळायला आम्हाला एक निवडणूक जावी लागली.

ती निवडणूक १९९५ ची, विधानसभेची. मतदानाला तीन दिवस उरले असताना रात्री साडेदहाच्या सुमारास दोन माणसे राजदूत मोटारसायकलवरून आली. हाताने लिहिलेला मजकूर त्यांनी गल्ल्यावर ठेवला. मतदारसंघातील एका उमेदवाराने प्रतिस्पर्ध्याला पाठिंबा देऊन माघार घेतली आहे, असा तो मजकूर होता आणि तो धादांत खोटा होता. तळाची ओळ नको, दर तिप्पट, असा सौदा होता. मी नकार दिला. त्यात शौर्य काही नव्हते. सहा महिन्यांच्या कैदेची आणि त्याहून अधिक छापखान्याला टाळे लागण्याची भीती होती. तिसऱ्या दिवशी पहाटे ते पत्रक घराघरांच्या दाराखालून आत सरकलेले होतेच. दुपारी फौजदार ते घेऊन माझ्याकडे आले. खिळे जुळवणाऱ्या माझ्या म्हाताऱ्या कंपोझिटरने कागद उजेडाकडे धरला, एका ‘ज्ञ’ची शेपटी तुटलेली आहे हे बोटाने दाखवले, आणि हा टाइप कोणत्या गावच्या कोणत्या केसमधला आहे ते सांगून टाकले. पोलिस संध्याकाळपर्यंत त्या छापखान्यात पोचले होते. पत्रक निनावी होते, पण ते छापणारा माणूस या पृथ्वीवर कोठेतरी एका पत्त्यावर बसलेला होता आणि त्याला शोधता येत होते.

आता २०२४ कडे येतो. महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ जागांसाठी २० नोव्हेंबरला मतदान झाले. प्रचार १८ तारखेला संध्याकाळी सहाला थांबला. १९ तारखेला रात्री, म्हणजे कायद्याने ज्याला शांततेचा काळ म्हणतात त्या काळात, राज्यातील दोन मोठ्या नेत्यांचा आवाज म्हणून काही ध्वनिफिती समाजमाध्यमांवर फिरू लागल्या. ज्यांचा म्हणून तो आवाज सांगितला गेला त्यांनी तो आपला नसल्याचे सांगितले. त्या फितींचे खरेखोटे ठरवणे हे या पत्राचे काम नाही आणि मला त्यातल्या कोणत्याच पक्षाची वकिली करायची नाही. मला दिसते ते एवढेच, की रात्री आरोप, मध्यरात्री खुलासा आणि सकाळी सात वाजता मतदान, या तीन टप्प्यांत कोणत्याही मतदाराला, कोणत्याही अधिकाऱ्याला किंवा कोणत्याही न्यायालयाला काही तपासायला वेळच नव्हता.

त्याच निवडणुकीतील एक लहान गोष्ट मला अधिक जवळून ठाऊक आहे. माझ्याकडे कामाला असलेल्या एका मशिनमनची मुलगी अपक्ष उभी होती. निवडून येण्याची शक्यता नव्हती. पाण्याच्या प्रश्नावर बोलायला व्यासपीठ मिळावे म्हणून ती उभी राहिली होती. तालुक्याच्या नावापुढे बातम्यांचे सोंग आणणारा एक शब्द जोडलेल्या एका पानावर तिने माघार घेतल्याचे रंगीत चित्र आले. तोच खोटा मजकूर, १९९५ चा, जणू कोणी जपून ठेवला होता. दोन तासांत ते चित्र गावातील प्रत्येक गटात होते : भजनी मंडळाच्या, शाळेच्या पालकांच्या, दूध संकलन केंद्राच्या. तक्रारीचा अर्ज लिहायला ती माझ्याकडे आली, तेव्हा ‘तक्रार कोणाविरुद्ध’ या रकान्यापाशी आमचा पेन थांबला. पान कोण चालवतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. मतमोजणीनंतर आठवड्याभरात ते पान नाहीसे झाले. माझा कंपोझिटर आता हयात नाही, आणि असता तरी त्या चित्रात तुटलेल्या शेपटीचा ‘ज्ञ’ नव्हता. लाखो लोक वापरतात तोच फाँट होता.

आयोगाने या बाबतीत काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. २५ ऑक्टोबर २०१३ च्या सूचनांनी आपण उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात समाजमाध्यमांवरील आपली खाती जाहीर करायला लावलीत, तेथील जाहिरातींना पूर्वप्रमाणन, म्हणजे प्रसिद्धीपूर्वी समितीची मंजुरी, लागू केलेत आणि त्यांचा खर्च निवडणूक खर्चात धरायला सांगितलेत. आपणच नेमलेल्या उमेश सिन्हा समितीने जानेवारी २०१९ मध्ये अहवाल दिला, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांनी आपल्यापुढे स्वेच्छेची आचारसंहिता मांडली, जिच्यानुसार कलम १२६ च्या, म्हणजे मतदानापूर्वीच्या शांततेच्या काळाच्या, भंगाबाबत आयोगाने कळवल्यावर तीन तासांत कारवाई व्हायची आहे. मे २०२४ मध्ये आपण पक्षांना डीपफेक, म्हणजे यंत्राने रचलेली खोटी चित्रे व आवाज, निदर्शनास आल्यापासून तीन तासांत काढायला सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या प्रचारसाहित्यावर दिसणाऱ्या भागाच्या किमान दहा टक्के आकाराची खूण आणि ते बनवणाऱ्या जबाबदार घटकाचे नाव देण्यास सांगितले. ही शेवटची सूचना वाचली तेव्हा मला आमची आठ पॉइंटची ओळ आठवली आणि बरे वाटले. पण मग लक्षात आले, की नाव हवे आहे ते फक्त यंत्राने रचलेल्या चित्राखाली. माणसाने हाताने रचलेल्या खोट्याला त्याची गरज नाही.

खरी फट त्याहून जुनी आहे. आयोगाच्याच स्पष्टीकरणानुसार एखाद्याने स्वतःच्या खात्यावर टाकलेला राजकीय मजकूर, छायाचित्र किंवा चित्रफीत ही जाहिरात मानली जात नाही, म्हणून तिला पूर्वप्रमाणन लागत नाही. नागरिकाच्या मताला कोणा समितीचा शिक्का लागू नये यासाठी ही तरतूद आहे आणि ती योग्यच आहे. पण आजचा प्रचार नेमका याच दारातून आत येतो. पक्षाच्या अधिकृत पानावर सभांची छायाचित्रे आणि दिवाळीच्या शुभेच्छा असतात; शिव्या, बदनामी आणि अर्धवट कापलेल्या चित्रफिती दुसऱ्याच कोणत्या नावाच्या पानावर असतात, आणि त्या पानाचा उमेदवाराशी कागदोपत्री काडीचाही संबंध नसतो. रील बनवणाऱ्या तरुणाला एका चित्रफितीमागे रोख पैसे मिळतात आणि ती त्याच्या ‘स्वतःच्या खात्यावर’ असते. विधानसभेच्या उमेदवाराला आपल्या राज्यात ४० लाखांची आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची खर्चमर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही, आणि या तिसऱ्या प्रकारच्या खर्चाला तर हिशेबाची वहीच नाही. आमच्याकडून घेतलेल्या पाचशे पत्रकांची पावती मात्र आजही निवडणूक खर्च निरीक्षकाला दाखवावी लागते.

याचा परिणाम केवळ हिशेबापुरता नाही. कलम १२३(४) प्रमाणे उमेदवाराच्या चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे विधान प्रसिद्ध करणे हा भ्रष्टाचारी मार्ग आहे, पण ते विधान प्रतिस्पर्धी उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कोणी केले, हे सिद्ध करावे लागते. प्रकाशकच अज्ञात असेल तर संमती कोणाची शोधायची? एका अनामिकतेने कायद्यातील दुसरी, अधिक कडक तरतूद निकामी केली आहे.

आता माझी मुख्य विनंती. कलम १२७-अ च्या पोटातच एक वाक्य आहे, जे आम्हा मुद्रकांना फार पूर्वी चमत्कारिक वाटायचे. हाताने नक्कल करणे सोडून, दस्तऐवजाच्या प्रती वाढवण्याची कोणतीही प्रक्रिया ही ‘मुद्रण’ समजली जाईल आणि ‘मुद्रक’ या शब्दाचा अर्थही त्याप्रमाणे घेतला जाईल, असे कायदा सांगतो. १९६१ साली हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चक्रमुद्रण यंत्र असावे. स्टेन्सिल कापून रात्रीतून हजार प्रती काढणाऱ्याने आपण छापखाना नाही म्हणून सुटू नये, असा त्याचा विचार दिसतो. पण शब्द त्याने उदार वापरले. एक चित्र एका बोटाच्या स्पर्शाने शेकडो जणांच्या गटात पोचवणे ही प्रती वाढवण्याची प्रक्रिया नाही, असे कोण म्हणेल? कागदाऐवजी पडदा आहे म्हणून तो ‘दस्तऐवज’ राहत नाही, असा युक्तिवाद होऊ शकतो हे मला कळते, आणि त्याच कलमात ‘छापलेले’ हा शब्दही आहे. म्हणूनच आयोगाने दोन पातळ्यांवर पाऊल टाकावे : आपल्या अधिकारात या कलमाचा आशय पैसे देऊन केलेल्या ऑनलाइन प्रचारसाहित्याला लागू असल्याची सूचना काढावी, आणि केंद्र सरकारकडे दुरुस्तीचा लेखी प्रस्ताव पाठवावा, ज्यात ‘प्रकाशक’ म्हणजे मजकुरासाठी पैसे देणारा व ‘मुद्रक’ म्हणजे पैसे घेऊन तो बनवणारा किंवा पसरवणारा, एवढे निःसंदिग्ध असेल.

‘पैसे देऊन’ या दोन शब्दांवर मी मुद्दाम भर देतो, कारण या विषयातील माझ्या स्वतःच्याच शंका तेथे आहेत. तळाच्या ओळीचा इतिहास फारसा पवित्र नाही. मुद्रकाचे नाव छापण्याची सक्ती ब्रिटिशांनी १८६७ च्या कायद्याने केली, आणि कोणाला पकडायचे हे सरकारला कळावे, हे त्यामागचे मोठे कारण होते. १९०८ साली टिळकांना ‘केसरी’तील लेखांसाठी सहा वर्षे मंडालेला धाडले गेले, तेव्हा लेखांमागे कोण आहे हे शोधण्याचे कष्ट सरकारला पडले नव्हते. बेचाळीसच्या चळवळीत गुप्तपणे निघालेल्या पत्रकांवर मुद्रकाचे नाव नव्हते, आणि नसावे हेच बरोबर होते. आपल्या काळातही २०१२ साली पालघरमध्ये दोन तरुणींना फेसबुकवरील एका साध्या मजकुरासाठी अटक झाली, आणि त्या प्रकरणातून निघालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. सरकारी कामकाजाविषयी काय खोटे ते सरकारच्याच कक्षाने ठरवावे, ही तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मोडीत काढली. या सगळ्यानंतर मजकूर खरा की खोटा हे ठरवण्याचा नवा अधिकार मी कोणाच्याही हाती मागणार नाही. मला सत्याचा दाखला नको आहे, पत्ता हवा आहे. आणि तोही रात्री जेवण झाल्यावर उमेदवाराला शिव्या घालणारा मजकूर लिहिणाऱ्या नागरिकाचा नव्हे, तर ते लिहिण्याचे बिल देणाऱ्याचा.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की व्हॉट्सॲपवरचे चित्र कोणीही कापून ती ओळ काढून टाकेल. टाकेल ना. पत्रकाची खालची पट्टीही फाडता येत असे. त्या ओळीचे बळ कागदावर नव्हते, जिल्हाधिकारी कार्यालयात जमा झालेल्या घोषणापत्रात होते. तसेच येथे करता येईल : पैसे घेऊन प्रचाराचे साहित्य बनवणाऱ्या प्रत्येकाने, मग ती संस्था असो वा एकटा रील करणारा, ते साहित्य, देणाऱ्याचे नाव आणि रक्कम तीन दिवसांत नव्हे तर त्याच दिवशी आयोगाच्या संकेतस्थळावर नोंदवावी आणि ती नोंद मतदाराला त्याच्या भाषेत, मतदारसंघानुसार, शोधता यावी. संदेश गुप्त लिपीत जातात म्हणून मधला प्रवास तपासता येत नाही, हे खरे आहे आणि तो तपासला जाऊ नये असेच माझे मत आहे. म्हणूनच नोंद उगमापाशी हवी. नोंद असलेल्या चित्रावर क्रमांक असेल, नसलेल्यावर नसेल, आणि एकदोन निवडणुकांत मतदाराचा डोळा त्या क्रमांकाला तसाच सरावेल जसा तो आमच्या ओळीला सरावला होता. निनावी पत्रक हातात पडल्यावर माझे वडील पहिल्यांदा ते उलटे करून तळ पाहत असत.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा असेल, की हे त्या आधीच करतात. फेसबुकवर आणि गूगलवर २०१९ पासून राजकीय जाहिरातींचा जाहीर संग्रह आहे आणि जाहिरातीवर पैसे देणाऱ्याचे नाव दिसते. त्यांचे मी श्रेय नाकारत नाही. पण तो संग्रह कंपनीच्या मर्जीचा आहे, आणि त्यात फक्त कंपनीला मिळालेला पैसा दिसतो. रील बनवणाऱ्याच्या हातात परस्पर पडलेला पैसा तिला दिसत नाही आणि गट चालवणाऱ्याला मिळालेला मोबाइल तर नाहीच. युरोपीय संघाने राजकीय जाहिरातींच्या पारदर्शकतेचा नियम ऑक्टोबर २०२५ पासून लागू केला, तेव्हा या दोन्ही कंपन्यांनी तेथे राजकीय जाहिराती घेणेच थांबवले. आपल्याकडेही तसे झाले, तर सगळा प्रचार त्या अनामिक पानांवर ढकलला जाईल. म्हणून नोंदीचे ओझे कंपनीवर न टाकता पैसे देणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावर टाकावे, असे मी सुचवतो.

नागरिकाच्या बाजूचीही एक दुरुस्ती सहज होण्यासारखी आहे. आचारसंहितेच्या भंगाची तक्रार करण्याचे सी-व्हिजिल हे आपले ॲप २०१८ पासून चालू आहे आणि शंभर मिनिटांत दखल घेण्याची त्याची पद्धत खरोखर चांगली आहे. परंतु त्यात छायाचित्र त्याच वेळी त्याच जागी काढावे लागते. फोनमध्ये आधीपासून असलेले चित्र चढवता येत नाही. भिंतीवर लावलेल्या फलकासाठी हे योग्य आहे, कारण जुनी चित्रे पाठवून कोणी छळ करू नये. पण आजचा फलक भिंतीवर नाही, फोनच्या आतच लावलेला आहे, आणि त्याची तक्रार करायला त्या ॲपमध्ये खिडकी नाही. ती उघडावी.

सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे रद्द करताना पक्षांना पैसा कोण देतो हे जाणण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला. मग माझ्या फोनवर रात्री अकरा वाजता आलेल्या चित्राचे पैसे कोणी दिले, हे जाणण्याचा हक्क त्याहून धाकटा कसा ठरतो, याचे उत्तर आयोगाने मला द्यावे अशी माझी अपेक्षा आहे.

माझ्याकडे जुन्या निवडणुकांच्या परिशिष्ट ‘अ’ आणि ‘ब’ च्या पोचपावत्यांची एक जाड फाइल अजून आहे. काहींना वाळवी लागली आहे, पण शिक्के वाचता येतात. नव्या नोंदीचा नमुना तयार करताना जुना कसा चालत असे हे पाहायचे असेल, तर ती फाइल आयोगाला द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त मुद्रक

(नाव व पत्ता आयोगाकडे टपालाने पाठवलेल्या प्रतीवर आहे. हे पत्र लिहिण्यासाठी लेखकाने कोणाकडून काही घेतलेले नाही. म्हणून त्यावर ओळ बंधनकारक नाही, सवयीने घातली आहे. मुद्रक व प्रकाशक : लेखक स्वतः. छापील प्रती : दोन. खर्च : टपालाचा.)